मारव्याचा अंतरा

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
४ नोव्हेंबर २०२५

चि. आमरीन,

आशीर्वाद गृहीत धर. तो नीट लिहावा इतके माझे मन आज स्थिर नाही.

काल संध्याकाळी क्रांती चौकात माझी रिक्षा एका वरातीमागे अडकली. गाडीवर रचलेल्या भोंग्यांतून ढोलाचा ठेका चालू होता आणि दर आवर्तनाच्या शेवटी एक बाई करड्या आवाजात म्हणत होती, "नाही, पुन्हा." त्या शब्दांवर नवरदेवाचे सगळे मित्र एकदम खाली बसत आणि पुढच्या ठेक्यावर उठत. ती बाई म्हणजे मी. रिक्षावाल्याने आरशातून पाहत मला माहिती पुरवली, "लई चालायलंय हे सध्या. मास्तरीणबाईचं गाणं म्हणत्यात याला." मी तिथेच उतरले आणि घरापर्यंत चालत आले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बैठकीत, समोर मोबाइल ठेवून, तू मारव्याची एक तालीम मुद्रित केलीस. बंदिश माझी, 'साँझ भई पर दीप न बारूँ'. त्यात माझा घसा बसलेला आहे, तुझा कोमल रिषभ चढा लागतो आहे, आणि मी तुला पंधरा-वीस वेळा थांबवते आहे. अंतरा तर त्यात नाहीच. असे मुद्रण कुणी पेटीत बंद करून ठेवील. तू ते तुम्हा मंडळींच्या 'ओसरी' या इंटरनेटवरच्या सामायिक संग्रहात ठेवून, मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकलेस, आणि जगाने त्याचे काय केले ते मी काल पाहिले.

हे पत्र मात्र तक्रारीचे नाही. तुला एक गोष्ट आगाऊ कळवणे सभ्यतेला धरून होईल, म्हणून लिहिते आहे. मुंबईच्या एका संगीत कंपनीचे इंद्रजीत नावाचे गृहस्थ गेल्या आठवड्यात येऊन गेले. एका वेब मालिकेच्या शीर्षकसंगीतासाठी त्यांना ही बंदिश हवी आहे. चांगली गायिका, चांगला स्टुडिओ, पडद्यावर रचनाकार म्हणून माझे नाव. बासष्टाव्या वर्षीही माझ्या नावावर एकही ध्वनिमुद्रिका नाही, हे तुला ठाऊक आहे. का नाही, तेही ठाऊक आहे. मला पसंत पडेल असे मुद्रण अजून व्हायचे आहे.

अडचण एकच आहे. कंपनीला बंदिशीवर एकट्याचा हक्क हवा, आणि ती तर मोकळी सोडलेली. तेव्हा 'सदर मुद्रण माझ्या संमतीवाचून प्रसिद्ध करण्यात आले' असे निवेदन मी सही करून द्यावे, असे त्यांचे वकील म्हणतात. मग ते सगळीकडून ते उतरवून घेतील. इंद्रजीत २४ तारखेला, सोमवारी, कागद घेऊन येतील.

तुझे काही म्हणणे असेल तर लेखी कळव. फोन करू नकोस.

तनुजा पाथ्रीकर


१२ नोव्हेंबर २०२५

चि. आमरीन,

मी लेखी मागितले होते. तू व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकल्यास. त्या इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी तुझे म्हणणे वाकवले असे व्हायचे नाही.

"बाई, तुम्ही सगळं वाचून हो म्हणाला होतात. सही करायची तर करा, मी तुम्हाला खोटं ठरवायला कोर्टात येणार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की ओसरीवर माझं एकटीचं काही नाही. एका रेकॉर्डिंगची संमती खोटी निघाली तर वेबसाइटवाले सगळ्यांचीच गाणी उतरवतील. तब्येतीला जपा."

शेवटचे वाक्य अनावश्यक होते.

होय, मी वाचले होते. न वाचता मी कशालाही हो म्हणत नाही. परवान्याचा मूळ इंग्रजी मजकूर मी दोनदा वाचला आणि तू केलेले त्याचे मराठी इतके गचाळ होते की मी ते फाडून स्वतः लिहिले. कुणीही हे घ्यावे, वाटावे, मोडावे, जोडावे, विकावे. अटी दोनच. मूळ कर्त्याचे नाव द्यायचे आणि आपण काय बदलले ते सांगायचे. आणि त्यातून जे नवे घडेल ते याच अटींवर इतरांना मोकळे ठेवायचे. एकदा दिलेली मोकळीक परत घेता येत नाही. माझे मराठी असे होते: 'जे घ्याल ते नावानिशी घ्या, जे घडवाल ते त्याच मोकळिकीने पुढे द्या.' ही ओळ आता प्रत्येक नकलेखाली चिकटलेली दिसते. तो वरातीचा ठेका करणाऱ्यानेही ती इमानदारीने चिकटवली आहे. माझी भाषा ओळखतील अशी माणसे या शहरात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतली दोन वारली. तेव्हा सही केली तरी त्या बाजूने पकडले जाण्याची मला भीती नाही.

तुला एक विचारते. मी हो म्हटले ते हे कुणी ऐकणार नाही या खात्रीने. बजाजनगरच्या सभागृहात तुम्हा मंडळींचा कार्यक्रम मी ऐकला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. तंबोरा फोनमधला, तोही पाव सुराने उतरलेला. बाहेर एक डबा ठेवलेला, ज्याला जे वाटेल ते त्याने टाकावे. मी मध्यंतरातच उठले. हे असेच राहील, चार मित्र एकमेकांना गाणी देत-घेत बसतील, असे मी धरून चालले होते. कुणी घेणारच नाही अशा समजुतीने देऊन टाकलेल्या वस्तूला दान म्हणतात का?

आमच्या परंपरेत चीज दिली जाते, उधळली जात नाही. माझ्या गुरूंनी एका बंदिशीचा अंतरा मला सात वर्षे दिला नाही. मी रोज जात होते, रोज सुरुवातीची अस्थाई म्हणत होते आणि रोज तशीच परत येत होते. तेव्हा राग यायचा. आता वाटते, त्या सात वर्षांनी मला गायिका केले. तुझ्या ओसरीवर येणाऱ्याला सात मिनिटेही थांबावे लागत नाही.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, असे तू शेवटची आलीस त्या दिवशी मला सांगत होतीस. मी तुला वरात ऐकल्यावर काय म्हणाले असते ते तू ओळखले असशीलच. पहिली नक्कल ऐकल्यावर जे म्हणाले होते तेच. तू ते शब्दशः पाळलेस आणि दोन वर्षांत या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. आज्ञाधारकपणा कुठे दाखवायचा हे तुला कधीच कळले नाही.

तनुजा पाथ्रीकर


१७ नोव्हेंबर २०२५

चि. आमरीन,

काल तुझे वडील येऊन गेले. ते येणार हे तुला माहीत होते का, हे मला कळलेले नाही. म्हणून घडले ते सगळे लिहिते.

पहिली पाळी संपवून, कंपनीच्या गणवेशातच आले होते. हातात पेरूंची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसले. मीच सुरुवात केली.

"कमरोद्दीनभाई, तुम्ही मला अडवायला आला असाल तर स्पष्ट सांगा."

"अडवायला? नाय मॅडम. पोरगी फोनवर म्हणली का सही करायची का नाय ते बाईंवर हाय. म्हणून मी आलो. मी तर म्हणायलो, करून टाका."

मी ऐकण्यात चूक केली की काय म्हणून पुन्हा विचारले. तेच.

"ते ओसरी का फोसरी बंद पडलं, मग तिला बंगळूरात कोण विचारतंय? भाड्याची खोली, दिवसभर कानात बुच्चं घालून बसती. गाणं करती आणि लोकान्ला म्हणती घ्या. दुकान हाय का लंगर? बंद पडलं का येती गुमान घरी. वाळूजला इंग्लिश शाळा हाय, त्यान्ला संगीताची टीचर पाहिजे. मी बोलून ठेवलंय."

"ती येईल असे तुम्हाला वाटते?"

"जाती कुठं? आणि आली का तुमच्याकडं बी येतीच ना. पहिल्यावानी. गुरुवार, रविवार. आठ वर्षं मीच आणून सोडत होतो, गाडीवर. तुमच्या फाटकात उभा राहून मला अर्धा मारवा पाठ झाला."

"कमरोद्दीनभाई, त्या कागदाने ती चोर ठरेल."

त्यांनी हात झटकला. "किसकू मालूम होनेवाला है, मॅडम? चार दिन बातां करते लोगां, फिर भूल जाते. तुमचं बी काम होतंय, माझं बी."

चहा झाल्यावर उठता उठता म्हणाले, "जाहेदाला सांगू नका मी आल्तो म्हणून. ती पोरीच्या पार्टीत हाय. तुमची ती तालीम लावून भाकरी करती. तुम्ही 'नाही, पुन्हा' म्हणल्या का उलटती. आजपत्तूर एक करपली नाय."

"म्हणजे एवढी तरी शिष्या नीट निघाली."

ते हसले. मीही हसले असेन.

तुझ्या आईने माझ्या घसा बसलेल्या आवाजावर भाकरी भाजाव्यात याचे मला काय वाटले ते बाजूला राहू दे. तुझे वडील तुझ्या भल्याचे बोलत होते, याविषयी मला शंका नाही. पण मी त्यांना 'नाही' म्हणाले नाही, एवढे नोंदवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. मी त्यांना शाळेचे नाव विचारले. विचारले, इतकेच.

तनुजा पाथ्रीकर


२१ नोव्हेंबर २०२५

चि. आमरीन,

आपण काय बंद करायला निघालो आहोत हे न ऐकता सही करणे मला शक्य नव्हते. म्हणून त्या तालमीतून लोकांनी जे जे घडवले ते मी या आठवड्यात ओळीने ऐकले. ऐकण्याची शिक्षा मीच स्वतःला दिली.

बहुतेक कचरा आहे. कुणी माझा आवाज यंत्राने इतका संथ केला आहे की बाई गाते की म्हैस हंबरते ते सांगता येऊ नये. खाली माझे नाव बिनचूक. कुणा परदेशी माणसाने तुझा चढा रिषभ कापून त्याची लांबच लांब झालर केली आहे, आणि त्याला 'संध्याकाळ, भारत' असे नाव दिले आहे. एका शाळेने कवायतीला लावले आहे. शेंद्र्याच्या कुण्या खुशनुमाने त्यावर दखनीत सासूची गाऱ्हाणी रचली आहेत. ती वाईट नाहीत. स्वर वाईट आहे, पण 'नाही, पुन्हा' हे सासूच्या तोंडी घालण्याची कल्पना मला सुचली नसती.

त्यानंतर यादीत धारवाडचे एक दंतवैद्य आले. शिवराज बेंडिगेरी. सोबत कुठलेही वाद्य नाही, खोलीत पंख्याचा आवाज, आणि गळा कमावलेला नाही. त्यांनी खाली लिहिले आहे: 'मूळ तालमीत अंतरा नाही. तो मी जोडला आहे. चुकला असल्यास दोष माझा.'

ही बंदिश तीस वर्षे अपुरी आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. अंतरा वर चढला की तार षड्जावर थांबावेसे वाटते, आणि तिथे थांबले की मारवा उरत नाही, सोहनी होते. मी किती अंतरे रचले आणि फाडले. संध्याकाळचा राग पहाटेचा होऊन बसायचा, आणि मी वही मिटायची. विद्यार्थिनींना सांगायची, अंतरा अजून तुमच्या आवाक्यातला नाही. तुलाही तेच सांगितले.

या माणसाने षड्ज ओलांडला. धैवत, निषाद आणि तिथून थेट वरचा कोमल रिषभ. क्षणभर तिथे अधांतरी उभे राहून तो निषादाने धैवतावर परततो. घराच्या दारावरून जायचे आणि आत पाऊल टाकायचे नाही. मारव्याचा स्वभावच तो. मी तंबोरा लावून खात्री केली. बरोबर आहे.

सम चुकली आहे. शब्द सामान्य आहेत. 'पंथ निहारूँ' असे लाखांनी लिहिले असेल. दुसऱ्या ओळीत एक स्वर बदलला तर समही जागेवर येते. तो कोणता ते मला ऐकताक्षणी कळले. मग मी गायले. सगळी बंदिश, अस्थाई आणि अंतरा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अशी ती पूर्वी कधी कुणी गायलेली नव्हती.

मग इंद्रजीतना फोन केला. त्यांचे-माझे बोलणे असे.

"एक अंतरा मिळाला आहे. रचना दुसऱ्याची आहे. तो घेता येईल का?"

"मॅम, नको. दुसरं नाव आलं की परत हक्काचा गुंता. अंतरा आपण करून घेऊ, आपल्याकडे लोक आहेत."

"मारवा कळणारे?"

"मॅम, अर्ध्या मिनिटाचं टायटल आहे. अंतऱ्यापर्यंत जाणारच नाही बहुतेक." ते समजावणीच्या सुरात बोलत होते. उद्धट नव्हते. "आणि त्या डॉक्टरांचा व्हिडिओ पण उतरवतोच आपण. सगळ्यात आधी तोच उतरवू. तुम्ही निश्चिंत राहा."

फोन ठेवल्यावर मला हिशेब नीट दिसला. कागदावर सही केली तर पडद्यावर माझे नाव येईल आणि तू परत येशील. निदान तुझे वडील तसे म्हणतात. पण बंदिश पुन्हा अपुरी होईल, आणि या वेळी कायद्याने. त्या गृहस्थांचा अंतरा मला गाता येतो तो केवळ त्यांनी माझ्याच अटी पाळून तो मोकळा ठेवला म्हणून. मी संमती दिलीच नव्हती असे म्हटले, तर त्यांनी तो चोरीच्या मालावर बांधला असे होईल, आणि मी तो ओठांवरही आणू नये हे ओघाने आले.

सोमवारी काय करणार ते लिहीत नाही. मला ठाऊक असते तर लिहिले असते.

तनुजा पाथ्रीकर


२५ नोव्हेंबर २०२५

चि. आमरीन,

इंद्रजीत काल दुपारी आले. कागद दोन प्रतींत होता, टंकन स्वच्छ, एक चूकही नव्हती. मी तो वाचून बाजूला ठेवला आणि माझा त्यांच्यापुढे ठेवला. त्यात लिहिले होते: 'सदर मुद्रण माझ्या संपूर्ण संमतीने प्रसिद्ध झाले. परवाना मी समजून घेतला होता. त्याचा मराठी मजकूर माझा आहे.' खाली सही.

त्यांनी तो दोनदा वाचला. "मॅम, हे उलटं झालं."

"सुलट तेच आहे."

"पण मग आमच्या हातात काय उरतं? जे सगळ्यांना दिलंय त्याचं आम्ही काय करणार?"

"वापरा. नाव द्या, काय बदलले ते सांगा, आणि तुमचे शीर्षकसंगीतही त्याच अटींवर मोकळे करा. कुणाची परवानगी लागणार नाही, माझीसुद्धा."

ते हसले, लॅपटॉप बंद केला. "तुम्ही फार मोठ्या आहात मॅम," असे म्हणाले. वेडसर मावशीला सुटीत भेटून निघताना म्हणावे तसे. फाटकाबाहेर उभे राहून ते फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "अरे, नाही जमत. दुसरी बघा, यमनमध्ये काहीतरी." यमनमध्ये त्यांना पाहिजे तेवढे मिळेल.

डॉ. बेंडिगेरींना मी पत्र लिहिले आहे. त्यांची सम कुठे चुकते ते कळवले, आणि शब्द सुधारायला हवेत हेही. आभार शेवटच्या ओळीत मानले. मेलने तुला एक मुद्रण पाठवले आहे. ओसरीवर ठेवण्याजोगे वाटले तर ठेव. मी परवाच्या दिवशी गायले, एकदाच. दुसऱ्या ओळीत श्वास कमी पडला आहे. ते मला माहीत आहे, तू सांगायची गरज नाही. बाकी काय चुकले ते सांग. मजकूर असा दे, एक अक्षरही बदलू नकोस: 'अस्थाई: तनुजा पाथ्रीकर. अंतरा: शिवराज बेंडिगेरी, धारवाड. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत एका स्वराचा बदल तनुजा पाथ्रीकर यांचा. मूळ तालीम मुद्रित करणारी: आमरीन.' त्यानंतर ती मराठी ओळ.

संध्याकाळी तुझ्या वडिलांचा फोन आला. त्यांना कुठून कळले ते मी विचारले नाही.

"सही केली नाय म्हणं."

"केली. दुसऱ्या कागदावर."

"मग तिचं ते बंद नाय पडत."

"नाही पडत."

मागे यंत्रांचा आवाज येत होता. पाळी चालू असावी. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर शाळेचं नाव विचारलं होतं. मला वाटलं, तुमचं बी मन तेच हाय."

मी त्यांना खोटे सांगितले नाही. "तेच होतं," म्हणाले.

"आता त्यान्ला काय सांगू? ते थांबलेत माझ्यासाठी."

"दुसरी शिक्षिका बघायला सांगा. आमरीन येणार नाही."

तुझ्या वतीने हे बोलण्याचा मला अधिकार नव्हता, हे मी जाणते. चुकीचे असेल तर तूच त्यांना तसे कळव. पण ते वाक्य म्हणताना माझा स्वर कुठे हलतो का, हे मी कान देऊन ऐकत होते. हलला नाही.

तनुजा पाथ्रीकर